अपग्रेडनंतर स्क्विड प्रॉक्सी रुसला: लक्षणं, तपासण्यांचा क्रम आणि कुठे थांबायचं

स्क्विड म्हणजे ऑफिस किंवा कॉलेजच्या ब्राउझरांच्या मागण्या मधे घेऊन बाहेर नेणारा प्रॉक्सी सर्व्हर. तो बिघडला की तक्रार करणारे सगळे एकच वाक्य बोलतात: "नेट बंद आहे." त्यांना ब्राउझरमध्ये नेमकं काय दिसतंय ते विचारा. अर्धं निदान तिथेच होतं.

– फायरफॉक्स म्हणतो की प्रॉक्सी सर्व्हर कनेक्शन नाकारतोय. म्हणजे प्रॉक्सीच्या पोर्टवर (कनेक्शन घेणाऱ्या क्रमांकावर) ऐकणारं कोणी नाही. स्क्विड सुरूच झाला नाही किंवा भलत्या पोर्टवर सुरू झाला.
– 'अ‍ॅक्सेस डिनाइड'चं पान येतं आणि तळाशी सर्व्हरचं नाव नि स्क्विडची आवृत्ती दिसते. स्क्विड जिवंत आहे, नियम चुकलेत.
– पासवर्डची चौकट पुन्हा पुन्हा येते. ओळख तपासणारा हेल्पर, म्हणजे स्क्विडने चालवलेला मदतनीस प्रोग्राम, मेलाय.
– साइट उघडते, पण अर्धा मिनिट खाऊन. बहुतेक वेळा डीएनएस, म्हणजे साइटच्या नावावरून पत्ता शोधणारी सेवा.
– सकाळी साडेनऊला ठीक, अकराला गर्दी झाली की सगळं गोठतं. फाइल डिस्क्रिप्टर (एका वेळी उघडता येणाऱ्या फाइली नि कनेक्शनची मोजदाद) संपलेत.
– सर्व्हिस सुरू होते, काही सेकंदांत पडते, परत उठते, परत पडते.
– लोकांची तक्रार नाही, पण वापराचा रिपोर्ट कोरा येतोय.

हे दर मोठ्या अपग्रेडनंतर का घडतं, तेही समजून घ्या. उबुंटू २०.०४ वर स्क्विड ४.१० येतो, २४.०४ वर ६ ची मालिका. सेंटओएस ७ वर ३.५.२० होता, त्याचा सपोर्ट ३० जून २०२४ ला संपला, म्हणून बऱ्याच जणांनी तिथून थेट रॉकी किंवा अल्मा ९ गाठलं, जिथे ५.५ आहे. म्हणजे शनिवारी रात्री उरकलेलं एक अपग्रेड प्रॉक्सीसाठी दोन मोठ्या आवृत्त्यांची उडी असते. कॉन्फिगरेशन फाइल मात्र नोकरी सोडून गेलेल्या कुणीतरी दहा वर्षांपूर्वी लिहिलेली. मशीन धडधाकट असतं. जुन्या ओळी नि नवा प्रोग्राम यांचं पटत नाही, एवढंच. एफसी रोडवरच्या कॉलेजची लॅब असो की भोसरीतल्या कारखान्याचं ऑफिस, बिघाडाची जात तीच.

खाली आज्ञा उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत. टर्मिनलवर त्या इंग्रजी लिपीत टाइप करायच्या, मोठं अक्षर असं सांगितलेलं नसेल तर लहान अक्षरांत.

आधी दोन गोष्टी करू नका

'एचटीटीपी_अ‍ॅक्सेस अलाउ ऑल' (सगळ्यांना परवानगी) लिहून लोकांची तोंडं बंद करू नका. त्या सर्व्हरला बाहेरचा आयपी असेल तर ही आगीतून फुफाट्यात उडी आहे. उघडा प्रॉक्सी शोधणारे बॉट इंटरनेटवर अखंड फिरत असतात, आणि तुमचा पत्ता काळ्या यादीत गेला की ऑफिसची मेलही अडते.

दुसरं, "कॅशे उडवून बघ" हा सल्ला. अपग्रेडनंतरच्या बिघाडांत कॅशेचा (आधी आणलेल्या पानांच्या साठ्याचा) दोष क्वचितच असतो. ती उडवली की खरं कारण जागेवरच राहतं आणि पुराव्याचा थोडा भाग जातो.

सध्याच्या फाइलींची प्रत मात्र लगेच घ्या, तारीख घालून. सर्व्हर व्हर्च्युअल मशीनवर असेल तर स्नॅपशॉटही (मशीनची जशीच्या तशी प्रत) घ्या.

१. दोष प्रॉक्सीचाच आहे ना?

सर्व्हरवर बसून प्रॉक्सी न वापरता एखादी साइट मागा: 'कर्ल -आय', पुढे पत्ता. मग तीच साइट '-एक्स' देऊन स्वतःच्या ३१२८ पोर्टमधून (स्क्विडचं नेहमीचं पोर्ट) मागा. पहिलीच आज्ञा फसली तर स्क्विडला हात लावू नका. पुण्यात पावसाळ्याच्या तोंडावर रस्ते खोदले जातात, फायबर तुटते, आणि योगायोगाने आदल्या रात्री अपग्रेड झालेलं असतं. या तपासणीला एक मिनिट लागतं. ती न केल्याने सबंध दुपार वाया जाऊ शकते.

पहिली आज्ञा चालली, दुसरी फसली, तर पुढे जा. दोन्ही चालल्या तर दोष सर्व्हर आणि क्लायंटच्या (लोकांच्या मशीनच्या) मध्ये आहे: फायरवॉल, किंवा क्लायंटला पोर्ट सांगणारी पॅक फाइल.

२. सर्व्हिस कोणत्या नावाने, कोणत्या फाइलीवर चालतेय?

डेबियन आणि उबुंटूवर पूर्वी पॅकेजचं नाव 'स्क्विड३' होतं. डेबियन ९ आणि उबुंटू १६.०४ पासून ते 'स्क्विड' झालं. त्यासोबत 'ईटीसी'मधला फोल्डर बदलला, लॉगचा बदलला, कॅशेचा बदलला आणि हेल्परचाही बदलला. जुन्या मशीनवरून पायरीपायरीने वर आलेल्या सर्व्हरवर दोन्ही फोल्डर शेजारी शेजारी नांदतात, आणि माणूस तासभर भलत्याच फाइलीत दुरुस्त्या करत बसतो. 'सिस्टमसीटीएल स्टेटस स्क्विड' आणि 'स्क्विड -व्ही' या दोन आज्ञांतून चालू सर्व्हिस, आवृत्ती आणि फाइलींचे बिल्डच्या वेळचे मार्ग कळतात.

आता फोल्डरमध्ये बघा. अपग्रेडच्या वेळी "कॉन्फिगरेशन फाइल बदलली आहे, काय करू?" असा प्रश्न आला होता. पॅकेजची नवी फाइल घेतली असेल तर तुमची जुनी फाइल '.डीपीकेजी-ओल्ड' शेपटीने बाजूला पडलेली असते. जुनीच ठेवली असेल तर नवी '.डीपीकेजी-डिस्ट' नावाने असते. रेड हॅट घराण्यात (सेंटओएस, रॉकी, अल्मा) या शेपट्या '.आरपीएमसेव्ह' आणि '.आरपीएमन्यू' अशा आहेत. सगळ्यांना एकदम 'अ‍ॅक्सेस डिनाइड' येत असेल तर बहुधा इथेच उत्तर सापडेल. डेबियनच्या मूळ फाइलीत फक्त सर्व्हरला स्वतःला परवानगी असते. ऑफिसच्या नेटवर्कची ओळ सुरुवातीला '#' लावून बंद केलेली असते.

जुनी फाइल जशीच्या तशी परत ठेवण्याचा मोह होईल. आवरा. नवी फाइल पाया धरा आणि तुमच्या ओळी एकेक करून तिच्यात आणा. त्यासाठी दोन फाइलींतला फरक दाखवणारा 'डिफ' पुरेसा आहे.

आणखी एक, रीस्टार्टबद्दल. स्क्विड बंद होताना चालू कनेक्शन संपायची वाट बघतो. 'शटडाउन_लाइफटाइम' मुळात ३० सेकंद आहे. एवढ्या वेळात लोक घाबरून 'किल -९' मारतात आणि कॅशेची नोंदवही अर्धवट लिहिलेली राहते. घड्याळाकडे बघत थांबा.

३. पार्स: सगळ्यात स्वस्त, सगळ्यात उपयोगी

'सुडो स्क्विड -के पार्स'. ही आज्ञा फाइल वाचते, चुका सांगते, चालू सर्व्हिसला धक्का लावत नाही. अपग्रेडच्या आधी चाचणीच्या मशीनवर हीच चालवली असती तर सोमवारचा गोंधळ झाला नसता.

ओळी तीन प्रकारच्या येतात. 'वॉर्निंग' वाचून ठेवा. 'ऑब्सोलीट' म्हणजे ती सूचना आता कोणी जुमानत नाही, पण स्क्विड सुरू होईल. 'फेटल: बंगल्ड' आणि पुढे फाइल नि ओळ क्रमांक आला, की सर्व्हिस त्या ओळीवरच थांबली. पहिल्या फेटलपासून सुरुवात करा, ती दुरुस्त करा, परत पार्स चालवा. पाच चुका एकदम सुधारायला गेलात तर सहावी तुमची स्वतःची असते.

नेहमी सापडणाऱ्या ओळी अशा ('एसीएल' म्हणजे नियमांत वापरायच्या गटाची व्याख्या):

'एसीएल मॅनेजर प्रोटो कॅशे_ऑब्जेक्ट', तसंच 'एसीएल ऑल' आणि 'एसीएल लोकलहोस्ट'च्या व्याख्या. ही नावं आता स्क्विडमध्ये आतूनच ठरलेली आहेत. 'मॅनेजर' वेगळ्या प्रकाराने पुन्हा लिहिला की "याच नावाचा वेगळा प्रकार आधीच आहे" अशी तक्रार येते आणि गाडी थांबते. या ओळी सरळ काढा.

'२५५.२५५.२५५.०' अशा नेटमास्कबद्दल इशारा येतो. '/२४' लिहा.

'एचटीटीपी_पोर्ट ३१२८ ट्रान्स्परंट'. ब्राउझरला न सांगता रहदारी पकडण्यासाठीचा हा शब्द स्क्विड ३.१ पासून 'इंटरसेप्ट' झाला.

'हायरार्की_स्टॉपलिस्ट' गेली. 'रिफ्रेश_पॅटर्न'च्या शेवटी लावलेले 'इग्नोर-नो-कॅशे' सारखे जुने पर्यायही गेले. 'डीएनएस_व्ही४_फर्स्ट' ५ मध्ये काढलं, कारण तेव्हापासून स्क्विड आयपीव्ही४ आणि आयपीव्ही६ हे दोन्ही मार्ग जवळजवळ एकाच वेळी आजमावतो. ओळ पुसा, हळहळू नका.

कॅशेच्या ओळीत 'कॉस' किंवा 'नल' प्रकार असेल तर तेही इतिहासजमा आहेत.

एसएसएलच्या ओळींची उलथापालथ ४ मध्ये झाली: 'एसएसएलप्रॉक्सी_' ने सुरू होणाऱ्या सूचनांची जागा 'टीएलएस_आउटगोइंग_ऑप्शन्स'ने घेतली, आणि 'एसएसएल_सीआरटीडी' हा प्रोग्राम 'सिक्युरिटी_फाइल_सर्टजेन' झाला.

आणि बंदीच्या याद्या. वर्षानुवर्षं कोणी ना कोणी साइट जोडत जातो. एकाच यादीत '.एक्झाम्पल.कॉम' आणि 'मेल.एक्झाम्पल.कॉम' दोन्ही असतात. सुरुवातीचा टिंब सगळे उपडोमेन आणि मूळ डोमेन यांना व्यापतो, त्यामुळे दुसरी नोंद फुकटची. अशा यादीवर स्क्विड कुरकुरतो आणि काही आवृत्त्या सुरूच होत नाहीत. उपडोमेनची नोंद काढा, टिंबाची ठेवा.

४. नाकारतोय कोण?

पार्स स्वच्छ आहे, तरी ४०३ (परवानगी नाकारली) येतोय. अ‍ॅक्सेस लॉग 'टेल -एफ'ने उघडा ठेवा आणि एका मशीनवरून पान मागा. 'टीसीपी_डिनाइड/४०३' म्हणजे नियमाने अडवलं. 'टीसीपी_डिनाइड/४०७' म्हणजे पासवर्ड मागितला. त्यामागोमाग २०० (पान मिळालं) आला तर ते अगदी नेहमीचं आहे, त्यावर वेळ घालवू नका. नुसते ४०७ च रांगेने येत असतील तर पुढचा मुद्दा वाचा.

'एचटीटीपी_अ‍ॅक्सेस'च्या ओळी वरून खाली वाचल्या जातात आणि पहिली जुळणारी ओळ निकाल देते. 'डिनाय ऑल'च्या खाली लिहिलेली परवानगी शोभेची असते. फाइलीच्या तळाला नवी ओळ चिकटवायची सवय असलेल्यांना हा फटका हमखास बसतो. डेबियन-उबुंटूच्या नव्या फाइलीत 'कॉन्फ.डी' फोल्डरमधल्या फाइली आत ओढणारी 'इन्क्लूड' ओळ आहे, आणि ती शेवटच्या 'डिनाय ऑल'च्या वर आहे. तुमच्या नेटवर्कची एसीएल आणि परवानगी त्या फोल्डरमध्ये वेगळ्या फाइलीत ठेवा. मूळ फाइलीला हात न लागल्यामुळे पुढच्या अपग्रेडला तो "काय करू?" हा प्रश्न येतच नाही.

५. हेल्पर

कॅशे लॉगमध्ये (नावाला कॅशे, पण यात स्क्विडच्या स्वतःच्या चुकांची नोंद असते) "हेल्पर फार भराभर कोसळताहेत" अशा अर्थाची फेटल ओळ दिसली तर दोषी बाहेरचा प्रोग्राम आहे. ३.२ मध्ये हेल्परची नावं बदलली: 'एनसीएसए_ऑथ' आता 'बेसिक_एनसीएसए_ऑथ', 'स्क्विड_एलडॅप_ऑथ' आता 'बेसिक_एलडॅप_ऑथ', 'स्क्विड_कर्ब_ऑथ' आता 'निगोशिएट_कर्बेरोस_ऑथ'. शिवाय मार्गात 'स्क्विड३' राहून गेलेलं असतं.

हेल्पर हाताने चालवून बघता येतो. स्क्विडच्याच युजरच्या नावाने चालवा, म्हणजे परवानगीचा दोषही दिसेल: डेबियनवर 'सुडो -यू प्रॉक्सी', रेड हॅटवर 'सुडो -यू स्क्विड'. पुढे हेल्परचा पूर्ण मार्ग आणि पासवर्ड फाइल. मग एका ओळीत नाव, जागा सोडून पासवर्ड. 'ओके' आलं तर हेल्पर ठणठणीत आहे. घराणं बदललं असेल, म्हणजे सेंटओएसवरून उबुंटूला आलात, तर पासवर्ड फाइलीचा मालकही बदलावा लागतो. हे बरेच जण विसरतात.

साइट गाळणारा रीरायटर असेल तर त्याची ओळ पाच मिनिटं बंद करून बघा. त्याने प्रॉक्सी पूर्ववत झाला तर दोष तिथे आहे. ३.४ पासून हेल्परशी बोलायची पद्धत बदलली: उत्तर 'ओके' (हो), 'ईआरआर' (नाही) किंवा 'बीएच' (हेल्परचाच बिघाड) असं अपेक्षित आहे. घरी लिहिलेल्या जुन्या स्क्रिप्ट इथे अडखळतात.

कर्बेरोसवर (डोमेनच्या तिकिटाने ओळख पटवण्याच्या पद्धतीवर) असाल तर आधी घड्याळ तपासा. डोमेन कंट्रोलरशी ५ मिनिटांहून जास्त फरक पडला की तिकीट नाकारलं जातं. नवीन मशीनला नवीन नाव दिलं असेल तर कीटॅब (सर्व्हरच्या ओळखीची किल्ली असलेली फाइल) जुन्या नावाची आहे.

६. परवानग्या आणि एसईलिनक्स

लॉग किंवा कॅशे वेगळ्या डिस्कवर नेली असेल तर रेड हॅट घराण्यात एसईलिनक्स (कोणता प्रोग्राम कोणत्या फाइलीला हात लावू शकतो ते ठरवणारं सुरक्षा कवच) आडवा येतो. 'ऑसर्च -एम एव्हीसी -टीएस रीसेंट'ने नकार दिसतो. 'सेमॅनेज एफकॉन्टेक्स्ट'ने कॅशेच्या फोल्डरला 'स्क्विड_कॅशे_टी' आणि लॉगच्या फोल्डरला 'स्क्विड_लॉग_टी' हे लेबल द्या, मग 'रीस्टोरकॉन -आरव्ही' चालवा. यातला 'आर' मोठा, 'व्ही' लहान. एसईलिनक्स बंद करणं हा उपाय नव्हे.

७. हळू चालतोय, गर्दीत अडकतोय

उबुंटूवर 'रिझॉल्व्ह.कॉन्फ'मध्ये १२७.०.०.५३ आलाय का बघा. स्क्विड ही फाइल सुरू होताना वाचतो, आणि ऑफिसमधली आतली नावं त्या वाटेने सापडतीलच असं नाही. 'डीएनएस_नेमसर्व्हर्स' ओळीत तुमच्या आतल्या डीएनएसचा पत्ता स्पष्ट लिहा. उत्तर न मिळाल्यास स्क्विड मुळात ३० सेकंद वाट बघतो. वर म्हटलेला अर्धा मिनिट हाच.

फाइल डिस्क्रिप्टरचं गणित सोपं आहे. लॅबमध्ये ६० मशीनं, प्रत्येकाची ३० कनेक्शन, म्हणजे क्लायंटच्या बाजूने १८००. तितकीच बाहेरच्या बाजूने. झाले ३६००. मर्यादा १०२४ असेल तर परीक्षेचा फॉर्म भरायच्या शेवटच्या दिवशी काय होईल ते सांगायला नको. पूर्वी कोणीतरी ही मर्यादा वाढवलेली असते, पण ती 'स्क्विड३' नावाच्या सर्व्हिसच्या ओव्हरराइडमध्ये. नाव बदललं आणि ती अनाथ झाली. 'सिस्टमसीटीएल एडिट स्क्विड' करून सर्व्हिस विभागात 'लिमिटएनओफाइल=६५५३६' (पहिला 'एल' आणि सगळं 'एनओफाइल' मोठ्या अक्षरांत) लिहा, आणि पूर्ण रीस्टार्ट करा, नुसतं रीकॉन्फिगर नव्हे. खातरजमा करायला 'स्क्विडक्लायंट'वर विसंबू नका, ७ मध्ये तो काढलाय. सर्व्हरवरूनच ३१२८ पोर्टवर '/स्क्विड-इंटर्नल-एमजीआर/इन्फो' हे पान कर्लने मागा. त्यात डिस्क्रिप्टरची कमाल संख्याही असते आणि हिटचं प्रमाणही.

हिट कमी दिसली तर दचकू नका. एचटीटीपीएस स्क्विडमधून बोगद्यासारखं जातं, लॉगमध्ये 'टीसीपी_टनेल' दिसतं, आणि त्यातलं काही साठवलं जात नाही.

८. लॉग, जे कोणी बघत नाही

रिपोर्ट कोरा येण्याचं कारण बहुधा जुना मार्ग, किंवा ३.२ पासून 'डायरेक्ट'चं 'एचआयईआर_डायरेक्ट' झालेलं न कळणारं रिपोर्टचं साधन. पण त्याहून गंभीर गोष्ट जुने लॉग ठराविक काळाने पुसणाऱ्या लॉगरोटेटची आहे. डेबियनच्या मूळ फाइलीत रोजचा फेरा आणि 'रोटेट २' असतो, म्हणजे दोन-तीन दिवसांपलीकडचं सगळं पुसलं जातं. सर्ट-इनच्या (केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या) २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार लॉग १८० दिवस ठेवायचे आहेत. तुमचा १८० चा आकडा जुन्या 'स्क्विड३' नावाच्या लॉगरोटेट फाइलीत राहून गेलाय का, ते आजच बघा.

९. कॅशेची डिस्क

इथे येईपर्यंत बहुतेक दुरुस्त्या झालेल्या असतात. सर्व्हिस सुरू होऊन पडत असेल, आणि कॅशे लॉगमध्ये 'स्वॅप.स्टेट' किंवा रॉक प्रकारच्या कॅशे फाइलीचं नाव येत असेल, तरच कॅशे नव्याने बांधा. गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज गेली, यूपीएसने मान टाकली आणि सर्व्हर धाडकन बंद पडला, तरीही हेच दिसतं.

सर्व्हिस थांबवा. 'पीग्रेप स्क्विड'ने एकही प्रक्रिया उरली नाही याची खात्री करा. जुना कॅशे फोल्डर पुसू नका, नाव बदला. लाखो बारीक फाइली पुसायला फार वेळ लागतो. नवा फोल्डर करा, मालक बदला, मग 'स्क्विड -एन -झेड' चालवा. यातला 'एन' मोठा आणि महत्त्वाचा: तो नसेल तर काम पार्श्वभूमीला जातं, तुम्ही लगेच सर्व्हिस सुरू करता आणि "स्क्विड आधीच चालू आहे" असं उत्तर मिळतं. 'मॅक्सिमम_ऑब्जेक्ट_साइझ'ची ओळ 'कॅशे_डिर'च्या वर असू द्या, नाहीतर त्या कॅशेला मूळचे ४ एमबीच लागू होतील.

डिस्कवरच्या दर १ जीबी कॅशेच्या सूचीसाठी ६४ बिट मशीनवर साधारण १४ एमबी रॅम लागते. १०० जीबी ठेवलीत तर १.४ जीबी नुसत्या सूचीला. खरं सांगायचं तर एचटीटीपीएस उघडून न बघणाऱ्या ऑफिसला डिस्क कॅशे आज फारशी लागतच नाही. 'कॅशे_डिर' काढून मूळची २५६ एमबीची मेमरी कॅशे ठेवली तर बिघडायची एक जागा कमी होते.

१०. इंटरसेप्ट आणि एसएसएल बंप

इंटरसेप्टसाठी वेगळं पोर्ट लागतं: ३१२८ साधं, ३१२९ इंटरसेप्ट. एकच पोर्ट दोन्हीला वापरलं की फॉरवर्डिंग लूपच्या ओळी येतात. पोर्ट वळवायचा नॅट नियम स्क्विडच्याच मशीनवर हवा, राउटरवर नाही. 'होस्ट हेडर फोर्जरी'चे इशारे आले तर क्लायंट आणि स्क्विड वेगवेगळे डीएनएस वापरताहेत. दोघांना एकच द्या.

बंपसाठी, म्हणजे एचटीटीपीएस उघडून बघण्यासाठी, डेबियन ११ किंवा उबुंटू २२.०४ पासून 'स्क्विड-ओपनएसएसएल' हे पॅकेज घ्यावं लागतं. साध्या पॅकेजमध्ये ती सोय नाही. सर्टिफिकेटचा जुना साठा बाजूला ठेवून 'सिक्युरिटी_फाइल_सर्टजेन'ने नवा बनवा आणि स्क्विडच्या युजरच्या नावावर करा. बँकांच्या साइट 'स्प्लाइस' (न उघडता जाऊ द्यायच्या) यादीत आहेत का तेही त्याच वेळी बघा.

इथे थांबा आणि जाणकाराला बोलवा

'डीमेसेज'मध्ये (कर्नलच्या नोंदीत) डिस्कच्या आय/ओ चुका दिसताहेत: स्क्विड बंद ठेवा, आधी डिस्कवाला.

पार्स स्वच्छ असून 'असर्शन फेल्ड' किंवा सेगमेंटेशन फॉल्टने पडतोय: हे कॉन्फिगरेशनने सुटत नाही. स्नॅपशॉटवर परत जा आणि डिस्ट्रिब्युशनच्या सपोर्टकडे द्या.

बंपच्या रूट सर्टिफिकेटची खासगी किल्ली हरवली, किंवा कोणीतरी ती मेलने पाठवली: स्वतः नवी बनवू नका. प्रत्येक मशीनवर नवं सर्टिफिकेट जायला हवं आणि जुनं निघायला हवं. ते सुरक्षेचं काम पाहणाऱ्याचं काम आहे.

कीटॅब नवी लागणार असेल तर डोमेनचा अ‍ॅडमिन लागेलच.

प्रॉक्सी काही काळ बाहेरून उघडा होता आणि लॉगमध्ये अनोळखी पत्ते दिसताहेत: मशीन नेटवर्कवरून काढा, लॉग पुसू नका. सर्ट-इनला कळवण्याची मुदत घटना लक्षात आल्यापासून ६ तासांची आहे.

आणि दोन तास झाले, तिसऱ्यांदा तीच फाइल उघडताय, तर स्नॅपशॉट परत लावा, लोकांना कामाला लागू द्या. बोलावलेल्या माणसाच्या हातात चार गोष्टी द्या: 'स्क्विड -व्ही'चं उत्तर, पार्सचं संपूर्ण उत्तर, कॅशे लॉगच्या शेवटच्या २०० ओळी, आणि अपग्रेडच्या आधीची व नंतरची कॉन्फिगरेशन फाइल, पासवर्ड झाकून.